चित्रकोड्यांची पुस्तके आणि आपली मुले

पानाच्या डाव्या कोपऱ्यात एक मुंगी आहे, उजव्या कोपऱ्यात गुळाचा खडा आहे आणि मध्ये वळणावळणांच्या वाटांचे जाळे पसरलेले आहे. मुंगीला गुळापर्यंत पोहोचवावयाचे, एवढेच काम. चार-पाच वर्षांच्या बालकापुढे हे पान ठेवले की त्याला फारसे समजावून सांगावे लागत नाही. त्याचे बोट मुंगीवर टेकते आणि वाट चालू लागते. थोड्या अंतरावर वाट बंद होते. बोट थांबते, क्षणभर घुटमळते, मागे फिरते आणि दुसऱ्या वाटेला लागते. चूक झाली म्हणून कोणी रागावत नाही, वहीवर तांबड्या शाईची फुली पडत नाही आणि गुणही कापले जात नाहीत. चुकलेली वाट ओळखून स्वतः मागे फिरावयाचे, हे शिक्षण इतक्या कोवळ्या वयात आणि इतक्या निर्धास्तपणे देणारी साधने थोडीच आहेत.

वाट शोधण्याच्या अशा चित्राला कोणी भुलभुलैया म्हणतात, तर कोणी चक्रव्यूह. सोयीसाठी या लेखात त्यास व्यूहचित्र असे म्हटले आहे. व्यूहचित्रे आणि त्यांच्या जोडीची इतर चित्रकोडी यांची पुस्तके आता शहरांतील दुकानांप्रमाणे गावच्या जत्रेतील फेरीतही दिसू लागली असून, काही शाळांना व अंगणवाड्यांनाही ती मिळालेली आहेत. तथापि ही पुस्तके कशासाठी, कोणत्या वयासाठी आणि ती वापरावयाची कशी, याविषयी पालकांत व शिक्षकांतही पुरेशी स्पष्टता आढळत नाही. तेवढ्यासाठी हा परिचय.

फार जुनी परंपरा

व्यूहचित्र ही परदेशातून आलेली नवलाई आहे, असा अनेकांचा समज असतो. गोमंतकीय वाचकांनी तरी तो बाळगू नये. सांगे तालुक्यात रिवण गावाच्या परिसरात उसगाळीमळ येथे कुशावती नदीच्या काठी जांभ्या खडकाच्या पृष्ठभागावर शंभराहून अधिक प्राचीन आकृती कोरलेल्या आहेत. 1993 साली ग्रामस्थांनी दिलेल्या माहितीवरून राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे लक्ष या स्थळाकडे वेधले गेले. बैल, हरणे, मोर आणि मानवी आकृती यांच्या सोबतीने तेथे एक वर्तुळाकार व्यूहही कोरलेला आहे. कोणा अज्ञात हातांनी कोरलेल्या त्या वाटेवरून आजही बोट फिरविण्याचा मोह पाहणाऱ्यास होतो.

सीमाभागातील वाचकांना कर्नाटकातील हळेबीड परिचित असेल. तेथील बाराव्या शतकातील होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर चक्रव्यूहाचे शिल्प आहे. अभिमन्यूला व्यूहात शिरण्याची विद्या अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. मुलाच्या हाती व्यूहचित्र देताना ही कथा अवश्य सांगावी. शिरणे सोपे असते, परतीची वाटही ठाऊक असावी लागते, हे त्यातून मुलाला सहज उमगते.

व्यूहांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात वाट एकच असते. ती कितीही वळणे घेवो, फाटे नसल्यामुळे ती चालणाऱ्याला शेवटी केंद्रापर्यंत नेते. प्राचीन कोरीव व्यूह सामान्यतः या प्रकारचे असतात. दुसऱ्या प्रकारात जागोजागी फाटे फुटतात, त्यांतील काही पुढे जाऊन बंद होतात आणि खरी वाट शोधून काढावी लागते. बालकांच्या पुस्तकांत बहुधा हा दुसरा प्रकार असतो. शिक्षकांनी हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. अगदी लहान मुलांना प्रारंभी पहिल्या प्रकारचा व्यूह द्यावा, म्हणजे वाट न सोडता बोट फिरविण्याची सवय होते. फाटे मागाहून यावेत.

कोड्यांचे इतर प्रकार

व्यूहचित्रांखेरीज या पुस्तकांत सर्वसाधारणपणे पुढील प्रकार आढळतात. दोन सारख्या चित्रांतील फरक ओळखणे. मोठ्या चित्रात दडलेल्या वस्तू शोधणे. वस्तू आणि तिची सावली यांची जोडी लावणे. वेगळे असेल ते निवडणे. ठिपके क्रमाने जोडून चित्र पूर्ण करणे. गोष्टीतील चित्रांचा विस्कटलेला क्रम लावणे.

यांतील कोणताही प्रकार आपल्या लोकजीवनाला परका नाही. ठिपक्यांची रांगोळी काढणारी गृहिणी ठिपके जोडण्याचे कोडेच रोज अंगणात सोडवीत असते. माजघरात रात्री रंगणारे उखाणे, कोडी आणि कोकणपट्टीतील हुमाणी ही याच कुळातील. फरक एवढाच की ती शब्दांतून घातली जातात, तर येथे काम चित्र करते.

चित्राचे तुकडे जुळविण्याचे कोडेही शिक्षणासाठीच जन्मास आले. 1760 च्या दशकात लंडन येथील नकाशांचे व्यावसायिक जॉन स्पिल्सबरी यांनी लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमारेषांवर कापला आणि मुलांना भूगोल शिकण्यासाठी ते तुकडे जुळवावयास दिले. जुन्या दिनदर्शिकेतील एखादे चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून त्याचे सहा तुकडे केले, तर तेच साधन आपल्या घरीही विनाखर्च तयार होते.

मूल यातून काय शिकते

वाटेच्या दोन्ही भिंतींना न शिवता पेन्सिल पुढे नेणे हा लेखनापूर्वीचा उत्तम सराव आहे. बोटांची पकड, मनगटाची वळणे आणि डोळा व हात यांचा मेळ यांची त्यात तयारी होते. देवनागरी लिपी डावीकडून उजवीकडे लिहिली जात असल्याने पहिली व्यूहचित्रे डावीकडून सुरू होऊन उजवीकडे संपणारी असावीत.

फरक ओळखण्याच्या कोड्यांचा उपयोग वाचनाच्या दृष्टीने विशेष आहे. आपल्या लिपीत घ आणि ध, म आणि भ, ब आणि व, प आणि ष अशा कितीतरी जोड्यांत एखाद्या गाठीचा किंवा रेघेचा फरक असतो. दोन चित्रांतील मांजरांपैकी एकीला मिशा नाहीत, हे ज्या मुलाने हुडकून काढले, त्याला पुढे अक्षरांतील बारकावा न्याहाळण्याची सवय आधीच लागलेली असते. मात्र एवढ्यावरून चित्रकोडी सोडविणारे मूल आपोआप वाचू लागेल, असे समजणे योग्य होणार नाही. अक्षरे शिकावी लागतात, गोष्टी ऐकाव्या लागतात, गप्पा व्हाव्या लागतात. चित्रकोडी ही त्यांना पूरक आहेत.

तिसरा लाभ बहुभाषिक वस्तीत अधिक जाणवतो. आपल्याकडील कितीतरी मुलांची घरची भाषा एक, शेजारची दुसरी आणि शाळेची तिसरी असते. पाठ्यपुस्तक उघडताच अशा मुलापुढे प्रथम भाषेची भिंत उभी राहते. मुंगी आणि गूळ यांना भाषेची अडचण नसते.

याचा एक अनुभव नमूद करण्याजोगा आहे. प्रसिद्धीच्या कामानिमित्त प्रस्तुत लेखकाचे एका अंगणवाडीत जाणे झाले होते. कर्नाटकातून बांधकामावर आलेल्या एका कुटुंबातील मुलगी तेथे येत असे. घरची भाषा कानडी. दोन महिने होऊनही ती कोणाशी बोललेली नव्हती. त्या दिवशी अंगणवाडीच्या टीचरनी जमिनीवर खडूने मोठा व्यूह आखला होता आणि मुले त्यातून चालत होती. एक मुलगा बंद वाटेत शिरू लागला, तोच या मुलीने त्याचा सदरा धरून त्याला मागे ओढले आणि स्पष्ट कोकणीत म्हटले, "हांगा वाट ना." टीचरनी खडू खाली ठेवला. त्या मुलीच्या तोंडून त्यांनी ऐकलेले ते पहिले शब्द होते. तिला इतके दिवस सारे समजत होते. बोलण्यासारखे काही तिला त्या दिवशी सापडले, एवढेच.

कपाटातील पुस्तके

याच प्रवासात आलेला दुसरा अनुभव इतका सुखद नव्हता. एका शाळेला चित्रकोड्यांची पुस्तके मिळून वर्ष उलटले होते. ती पाहण्याची इच्छा दर्शविताच कपाट उघडण्यात आले. पुस्तके सुबक रचून ठेवलेली होती, कोरी आणि करकरीत. साठा नोंदवहीतील संख्या अचूक जुळत होती. मुलांनी ती हाताळली का, असे विचारता उत्तर मिळाले, "मुले रेघा मारून ठेवतात. उद्या तपासणीला दाखवायची काय?"

या उत्तराबद्दल त्या शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. पुस्तक फाटले तर खुलासा मागितला जातो, न वापरता राहिले तर कोणी विचारीत नाही, असा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे ते दुसरे काय करणार? म्हणून या बाबतीत पहिली विनंती तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनाच करावीशी वाटते. बालकांच्या पुस्तकाची मळलेली कड, दुमडलेला कोपरा व पुसट रेघा या ते वापरात असल्याच्या खुणा समजाव्यात आणि तसा शेरा आवर्जून लिहावा. कोरे करकरीत पुस्तक दिसले, तर ते का वापरले गेले नाही, हा प्रश्न त्याच आस्थेने विचारला जावा. कपाटातील पुस्तक कितीही सुरक्षित असले, तरी ज्या मुलासाठी ते घेतले ते मूल वर्षभरात मोठे होऊन पुढे गेलेले असते.

एक पुस्तक, अनेक मुले

रेघांची अडचण खरी आहे. पन्नास पानांचे पुस्तक एका मुलाने पेन्सिलीने सोडविले की दुसऱ्यासाठी त्यात काही उरत नाही. यावर काही सोपे उपाय आहेत.

पहिला उपाय बोटाचा. लहान मुलांनी व्यूह बोटाने किंवा काडीच्या बोथट टोकानेच सोडवावा. दुसरा उपाय पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाचा. तो पानावर ठेवून तेलखडूने वाट काढावी आणि कोरड्या फडक्याने पुसून टाकावी. तिसरा उपाय चिंचोक्यांचा. वाटेवर चिंचोके मांडीत जावयाचे, चुकले की उचलून मागे यावयाचे. यात लहान वस्तू चिमटीत धरण्याचाही सराव होतो. मात्र तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके देऊ नयेत, ती तोंडात वा नाकात घालण्याचा संभव असतो. चौथा उपाय अंगणाचा. पुस्तकातील एखादा व्यूह चुन्याने किंवा खडूने अंगणात मोठा आखावा आणि मुलांनी त्यातून प्रत्यक्ष चालावे.

निवड कशी करावी

तीन ते चार वर्षांच्या मुलासाठी बोट मावेल एवढी रुंद वाट आणि फार तर एखादा फाटा पुरेसा आहे. चार ते सहा वर्षांपर्यंत फाटे वाढवावेत व पेन्सिल हाती द्यावी. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना अरुंद वाटा, वाटेत गोळा करावयाच्या वस्तू आणि एकाहून अधिक मुक्काम असलेले व्यूह आवडतात. वयाचा हा हिशेब अंदाजाचा समजावा, मूल कोठे रमते ते पाहून तो बदलावा.

पुस्तक विकत घेताना आरंभ आणि शेवट चित्राने स्पष्ट दाखविला आहे किंवा नाही, पान गर्दीने भरलेले तर नाही आणि कोडी सोप्याकडून कठिणाकडे जातात की नाही, हे पाहावे. फार चकचकीत कागदावर उजेडाची तिरीप येऊन वाट नीट दिसत नाही. चित्रे परिचयाची असावीत. ज्याने बर्फ कधी पाहिले नाही, त्याला बर्फाच्या माणसाला टोपी पोहोचविण्याचे अगत्य वाटत नाही. होडी आणि धक्का, वासरू आणि गोठा, पोस्टमन आणि घर या जोड्या त्याला लगेच आपल्याशा वाटतात.

घरी व शाळेत व्यूह कसा तयार करावा

बाजारातील पुस्तक मिळाले नाही म्हणून काम अडण्याचे कारण नाही. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी कार्य उभे केले. परिसरात विनामूल्य मिळणाऱ्या वस्तूंपासून शैक्षणिक साधने तयार करण्याचा त्यांनी घालून दिलेला पाठ आजही तितकाच उपयुक्त आहे.

व्यूह आखण्याची रीत अशी. प्रथम कागदाच्या दोन बाजूंना आरंभ आणि शेवट यांची चित्रे काढावीत. नंतर त्या दोहोंना जोडणारी खरी वाट पेन्सिलीने फिकट आखावी. ती सरळ न नेता चार-सहा वळणे द्यावीत. त्यानंतर या वाटेला ठिकठिकाणी फाटे काढावेत आणि ते पुढे बंद करावेत. फाटा लगेच बंद केला तर मुलाला तो दुरूनच दिसतो, यासाठी त्याला एक-दोन वळणे असावीत. आता सर्व वाटांच्या दोन्ही बाजूंनी शाईने भिंती काढाव्यात आणि मधल्या पेन्सिलीच्या रेघा खोडाव्यात. शेवटी व्यूह स्वतः एकदा सोडवून पाहावा. घाईत खरी वाटच बंद झालेली असणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष आहे.

वरच्या वर्गातील मुलांनी धाकट्यांसाठी असे व्यूह आखले, तर दोघांचेही शिक्षण होते. या मोठ्या मुलांना आणखी दोन युक्त्या सांगाव्यात. सर्व बंद फाटे टोकापासून फाट्याच्या मुखापर्यंत रंगवीत गेले, की शेवटी न रंगलेली उरते तीच खरी वाट. दुसरी युक्ती हाताची. प्रवेशद्वारापासून एक हात सतत भिंतीला लावून चालत राहिले, तर ज्या व्यूहाच्या सर्व भिंती परस्परांना जोडलेल्या आहेत, त्यातून माणूस कितीही फेऱ्याने का होईना बाहेर पडतो. असे का होते, यावर वर्गात चर्चा घडवून आणावी. गणिताची गोडी लावण्यास एवढे निमित्त पुरते.

परीक्षा नव्हे

शेवटची सूचना पालकांसाठी. ऑस्ट्रेलियात स्टॅन्ली पोर्टियस यांनी 1914 च्या सुमारास व्यूहचित्रांची एक मालिका मानसिक चाचणीसाठी तयार केली होती आणि पुढचा विचार करून पाऊल टाकण्याची क्षमता तीत पाहिली जात असे. अशा चाचण्या घेणे हे प्रशिक्षित तज्ज्ञांचे काम आहे. घरी घड्याळ लावून "शेजारच्या मुलाने दोन मिनिटांत सोडविले, तुला पाच का लागली?" असे विचारू लागलो, की पुस्तकाचा सारा हेतूच फसतो. बंद वाटेत अडकलेल्या मुलाचे बोट धरून त्याला खऱ्या वाटेवर आणून सोडण्याचीही घाई करू नये. शेजारी बसावे, गप्प राहावे. फार तर "येथून पुढे जाता येते का, बघ बरे," एवढेच म्हणावे. उत्तरे शेवटच्या पानांवर छापलेली असल्यास ती प्रथम उघडू नयेत, आणि मुलाने उघडली तर त्याचा गुन्हा करू नये.

एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी. मूल पान डोळ्यांच्या अगदी जवळ धरीत असेल, किंवा रुंद वाटही त्याला वारंवार दिसेनाशी होत असेल, तर ते मठ्ठ आहे असा निष्कर्ष न काढता त्याचे डोळे तपासून घ्यावेत. दृष्टिदोष वेळीच लक्षात येण्यास असे साधे पानही उपयोगी पडू शकते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षे या वयाला पायाभूत स्तर मानून खेळातून शिक्षणावर भर दिला. ऑक्टोबर 2022 मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्र शासनाने 'जादुई पिटारा' हा संच सादर केला. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट आणि गोष्टींची पुस्तके यांचा त्यात समावेश आहे. धोरणात कोड्यांना असे स्थान मिळाले आहे. ती कपाटाबाहेर काढून मुलांच्या हाती देणे हे मात्र धोरणाच्या हाती नाही. ते शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालक यांनीच करावयाचे आहे.

येत्या रविवारी घरातील मोठ्या माणसांनी एक कोरा कागद घ्यावा, त्यावर मुंगी आणि गुळाचा खडा काढावा, मध्ये चार वळणे आणि दोन बंद फाटे आखावेत आणि मुलाला हाक मारावी. एवढे केले तरी आरंभ उत्तम झाला असे समजण्यास हरकत नाही.